अंतराचा दाखला

माझी तक्रार कोणा व्यक्तीविरुद्ध नाही, हे सुरुवातीलाच नमूद करतो. व्यक्तीविरुद्ध तक्रार केली की ती व्यक्ती घरी येते, चहा घेते आणि प्रकरण मिटतं. माझी तक्रार एका शब्दाविरुद्ध आहे, आणि शब्द चहा घेत नाहीत. सदर शब्द म्हणजे 'जवळ'. बसा तुम्ही. तुमचा चहा सांगितलाय, यायला वेळ लागेल. टपरी जवळच आहे.

कुरकुंभ तुम्ही पाहिलं असेल, निदान त्यावरून गेला असाल. पुण्याहून सोलापूरला जाताना पाटसचा टोलनाका मागे पडला की थोड्या वेळाने आमचं गाव लागतं, आणि नगरकडून दौंडमार्गे बारामतीला जाणारा रस्ता तिथेच हायवेला आडवा येतो. बाहेरची माणसं आमच्याकडे फिरंगाई देवीसाठी येतात नाहीतर एमआयडीसीसाठी. वारा आज कुठून आहे हे कळायला आम्हाला हवामान खात्याची गरज लागत नाही. केमिकलच्या कंपन्या आहेत, नाक पुरतं. तर असं चौकातलं गाव असण्याचा मोठा तोटा हा, की कुठलंही ठिकाण लांब आहे असं म्हणायची सोयच राहत नाही. पुणे? सरळ रस्ता. सोलापूर? तोच रस्ता, फक्त तोंड फिरवायचं. बारामती? हे काय, उजव्या हाताला. नगर? एकदा दौंड ओलांडलं की आलंच. चारी दिशांना रस्ते आहेत, त्यामुळे चारी दिशांना पाहुणे आहेत, आणि चारी दिशांचे पाहुणे एकच वाक्य बोलतात. ते वाक्य मी गेल्या वर्षी जून ते नोव्हेंबर एवढ्या कालावधीत किती वेळा ऐकलं याची नोंद ठेवली होती. चाळीसनंतर वही मिटली.

झालं असं की २०२५ च्या जूनमध्ये मुलीचा नीटचा निकाल लागला. गुण एमबीबीएसला लागतात तेवढे नव्हते आणि घरी बसवावं इतके कमीही नव्हते. अशा मधल्या गुणांचं काय करायचं यावर समाजात एकमत नाही. पोरगी मात्र शांत होती. म्हणाली, फिजिओथेरपी. तिने हे आधीच ठरवलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या आजीचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघाल्यावर दौंडच्या एका दवाखान्यात एक ताई रोज आजीकडून रबरी चेंडू दाबून घ्यायच्या, आणि आजी रोज त्यांना शिव्या देऊन चेंडू दाबायची. महिन्याभरात आजी पुन्हा भाकरी थापायला लागली. मुलीने ते पाहिलं होतं. मी तेव्हा बाहेर गाडीत बसून बिल किती होईल याचा अंदाज घेत होतो.

अभ्यासक्रम चार वर्षांचा, वर सहा महिने इंटर्नशिप. पदवीचं नाव बीपीटीएच. हे मी आईला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साडेचार वर्षं शिकून मालीशच करायची ना?" जिच्या मनगटावर या संपूर्ण शास्त्राचा पाया आमच्या घरात घातला गेला, तिचा हा अभिप्राय. रेकॉर्डवर असावा म्हणून सांगितला.

बरं, निर्णय झाल्याची बातमी गावात कशी गेली मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी सुरू झाली. प्रवेश नाही, फॉर्म नाही, पहिल्या वर्षाचं पुस्तक नाही, आणि दारात आमचे शेजारी तात्या खांदा घेऊन उभे. त्यांचा हात कानापर्यंत जातो, वर जात नाही. त्यांनी तो मला अकरा वेळा वर करून दाखवला. कंपनीत गेलो तर पॅकिंगमधल्या एका मित्राने जेवणाच्या सुट्टीत पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि डब्याशेजारी गुडघा ठेवला. "कट्कट वाजतो, ऐक." मी ऐकला. वाजत होता. मी त्याला काय सांगणार? मी स्टोअर्सला आहे. आवक-जावक बघतो, कंपनीच्या गाड्यांची लॉगबुकं बघतो. गुडघ्याचं लॉगबुक माझ्याकडे नसतं.

पण ही किरकोळ पीडा झाली. मूळ प्रकरण पुढे आहे.

प्रश्न कॉलेजचा आला. चौकशीअंती दोन पर्याय उरले. एक जवळचं, एक लांबचं. दोघांचीही नावं मी सांगणार नाही, आणि दिशाही सांगणार नाही. दिशा सांगितली की त्या दिशेचा एक पाहुणा निघतो. जवळचं म्हणजे आमच्या घरापासून ५५ किलोमीटर. लांबचं २००. वरवर पाहता यात निवडण्यासारखं काही नाही, असं तुम्हाला वाटेल. आमच्या घरात सगळ्यांना तसंच वाटलं. सौ.ला वाटलं, तिच्या माहेरी वाटलं, किराणावाल्याला वाटलं. "जवळचं असताना लांब कशाला?" हे ते वाक्य. इतकं बिनतोड वाक्य की त्यावर माणूस गप्पच बसतो. मीही बसलो होतो. पण मग सल्ले यायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की ज्या शब्दावर हा सगळा डोलारा उभा आहे त्या शब्दाची कुणी कधी मोजणीच केलेली नाही. जमिनीची मोजणी होते, हद्दी कायम करतात, दगड रोवतात. 'जवळ'चा दगड कुठे रोवलाय?

पहिला सल्ला मुलीच्या मामाचा. रात्री साडेनऊला फोन. "दाजी, लोणीला टाका की तिला. लोणी तर जवळच." मी दोन दिवस आनंदात होतो. लोणी काळभोर म्हणजे आमच्या हायवेवरच, पुण्याच्या अलीकडे, तेल कंपन्यांच्या टाक्या आहेत ते; टँकर मोजत गेलं की आलं. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला की मामा म्हणतो ती लोणी ही नव्हेच. ती प्रवरेची लोणी. नगर ओलांडून आणखी पुढे, राहाता तालुक्यात, विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना काढला ती. तिथे फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, त्याला अब्दुल कलामांचं नाव आहे, शेजारी मोठं रुग्णालय आहे. सगळं खरं. पण ती लोणी! मी म्हणालो, "अरे, ही जवळ कशी?" तो म्हणाला, "मला जवळ." मामा संगमनेरला असतो.

आता याला काय म्हणाल? माणूस आपल्या दारात उभा राहून दुसऱ्याचं अंतर मोजतो. आणि हे सगळेच करतात. मोठ्या आत्या कराडला दिल्या आहेत. त्यांचं म्हणणं कराडला कृष्णाचं कॉलेज आहे, जवळच आहे. कुणाला जवळ हे त्यांनी सांगितलं नाही, आपणच समजून घ्यायचं. पुण्यात तर विचारूच नका. शिवाजीनगरला संचेतीचं, धनकवडीला भारती विद्यापीठाचं, पिंपरीला डी. वाय. पाटलांचं. पुण्यातला आमचा चुलतभाऊ म्हणाला, "पुण्यात आलास की सगळं जवळच." तो स्वतः सिंहगड रोडला राहतो आणि कामाला तळवड्याला जातो. सकाळी साडेसातला निघतो. त्याच्या तोंडून हा शब्द यावा, हे मला विशेष लागलं.

मग दौंडचा मुद्दा निघाला. दौंड आमच्यापासून दहा-एक किलोमीटर, जंक्शन, तिथून गाडीने कुठेही जाता येतं, मग लांब असं काही उरतंच कुठे, असा युक्तिवाद. दौंड जंक्शनबद्दल मी काही वाईट बोलणार नाही. पण दौंड जवळ म्हणजे कुणाच्या जवळ हे रेल्वेलाच कित्येक वर्षं ठरवता आलं नव्हतं. स्टेशन पुणे जिल्ह्यात, आणि रेल्वेच्या दप्तरी सोलापूर विभागात. २०२४ साली ते पुणे विभागात आलं. शिवाय स्टेशनं दोन. नगरकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांना इंजिन फिरवायची खोटी होऊ नये म्हणून कॉर्ड लाईनचं वेगळं स्टेशन केलं. चांगलं केलं. मात्र मुख्य स्टेशनात उभं राहून कॉर्ड लाईनच्या गाडीची वाट पाहणारा माणूस त्या गाडीच्या किती जवळ असतो, यावर कुणी दोन ओळी लिहाव्यात. आणि मोरी विसरू नका. दौंडमध्ये रेल्वेखालून जी वाट जाते तिला आमच्याच गावाचं नाव आहे, कुरकुंभ मोरी. गावाच्या नावाने लोक शाळा काढतात, वाचनालय काढतात. आमच्या नावाने मोरी आहे. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचलं की दौंडकर आमच्या गावाचं नाव जी विशेषणं लावून घेतात, ती इथे देता येत नाहीत.

मुळात आपली भाषाच या कटात सामील आहे, असं माझं नम्र मत आहे. 'हाकेच्या अंतरावर' म्हणतात. कुणाच्या हाकेच्या? आमच्या मोठ्या काकांनी शेताच्या बांधावरून हाक मारली तर पाटसच्या कारखान्याचा भोंगा समजून लोक घड्याळं लावायचे. आणि मी घरातल्या घरात हाक मारली तर कुणी येत नाही. 'इथंच तर आहे', 'आलंच समजा', 'पाचच मिनिटं', 'तो पिंपळ दिसतो ना, त्याच्या थोडं पुढे'. तो पिंपळ मी तरुणपणी गाठला होता. पुढे काही नव्हतं, दुसरा एक माणूस होता आणि तो पुढचा पिंपळ दाखवत होता.

सौ.चा पक्ष जवळच्या बाजूने, आणि तिचा आधार डबा. डबा हा आमच्या घरात मुद्दा नसतो, निकाल असतो. "घरचा डबा खाऊन जाईल, रात्री घरी येईल. अपडाऊन करेल की." अपडाऊन हा शब्द तुम्ही नीट ऐका. किती हलका वाटतो. पाळण्यासारखा. आमच्या भागात अर्धी माणसं अपडाऊनमध्ये आहेत आणि त्यांना तसं विचारलं की ती म्हणतात, "नाही, त्रास काय, डोळा लागतो ना गाडीत." साडेचार वर्षं गाडीत डोळा लागून शिकलेल्या मुलीने उद्या माझी मान धरावी, हे मला प्रशस्त वाटेना. मी तसं बोललो. सौ. म्हणाली, "आणि आता बायकांना एसटीत तिकीटही निम्मंच आहे." आहे. मार्च २०२३ पासून आहे. तिकीट निम्मं झालं, हे मी मान्य केलं. अंतर निम्मं झाल्याचा जीआर माझ्या पाहण्यात नाही.

त्या रात्री मी लॉगबुक काढलं. कंपनीचं नव्हे, कोरं. आणि जे तीस वर्षं टेम्पो आणि जीपचं करत आलो ते पोटच्या पोरीचं केलं. ऐका.

जवळचं कॉलेज: जाऊन-येऊन ११० किलोमीटर. वर्षाचे कामाचे दिवस, सुट्ट्या-सणवार वजा करून, २२० धरले. वर्षाला २४,२०० किलोमीटर. चार वर्षांचे ९६,८००. इंटर्नशिपचे सहा महिने, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे १५६ फेऱ्या, त्याचे १७,१६०. एकूण १,१३,९६०. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास आहे, हे तुम्ही शाळेत शिकलात. म्हणजे आमची पोरगी जवळच्या कॉलेजात जाण्यासाठी पृथ्वीला पावणेतीनहून जास्त प्रदक्षिणा घालणार, हातात डबा घेऊन.

लांबचं कॉलेज: जाऊन-येऊन ४००. होस्टेलला राहणार, वर्षातून आठ वेळा घरी येणार, गणपती-दिवाळी धरून. वर्षाला ३,२००, चार वर्षांचे १२,८००, इंटर्नशिपमध्ये चार खेपा, १,६००. एकूण १४,४००.

मी बेरीज तीन वेळा तपासली. जवळचं कॉलेज हे लांबच्या कॉलेजपेक्षा जवळजवळ आठपट लांब निघालं. रात्रीचा एक वाजला होता. अशा वेळी माणसाला कुणाला तरी उठवून सांगावंसं वाटतं. मी सौ.ला उठवलं. तिने डोळे न उघडता विचारलं, "आणि मेसचे पैसे धरले का?"

धरले नव्हते. पण मुद्दा तो नव्हता.

बाय द वे, जवळ-लांबचा हा घोळ पूर्वी नव्हता. आपल्या देशातलं फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला निघालं. मुंबईत पोलिओची साथ होती, लुळी पडलेली पोरं वॉर्डात होती आणि त्यांना पुन्हा उभं करायला शिकवणारी माणसंच देशात नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने ती तयार करायला घेतली. विचार करा, एकच विद्यालय. आसामातल्या मुलालाही तेच, मद्रासच्याही मुलीला तेच. कुणाच्या मामाने फोन करून जवळचं सुचवलं नसेल. आज राज्यात इतकी कॉलेजं आहेत की यादी उघडली की बोट दुखतं. पदवी बहुतेकांची एकाच विद्यापीठाची, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, पेपर तेच; त्यावर किराणावाला म्हणाला, "डिग्री एकच ना, मग जवळ टाका." मी त्याला सांगितलं, विद्यापीठ नाशिकला आहे, आणि नाशिक आपल्याला कुठूनच जवळ नाही.

एक गोष्ट मात्र कामाची कळली, तुमच्या घरी कुणी असेल तर उपयोगी पडेल. जुलै २०२४ च्या सरकारी निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही. म्हणजे कॉलेज किती लांब आहे हे विचारायच्या आधी ते कुणाचं आहे हे विचारा. मला हे चौकात कुणी सांगितलं नाही. चौकात सगळे अंतरच सांगत होते.

शेवटी म्हटलं, दोन्ही कॉलेजं डोळ्यांनी बघू. प्रत्यक्ष पाहणी.

जवळच्या कॉलेजात आम्हाला इमारत दाखवली. इमारत उत्तम होती. लिफ्ट दाखवली, ती चालू करून दाखवली. मग फिजिओची लॅब. तिथे मांडीच्या स्नायूंचा व्यायाम करायची एक खुर्ची होती, तिच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, लग्नात आलेल्या सोफ्यासारखं. मेण वितळवायचं भांडं होतं, मेणाचा वरचा थर दह्यासारखा सपाट, कुणी बोट घातलेलं नव्हतं. कोपऱ्यात सांगाडा. त्याच्या गळ्यात वाळलेल्या झेंडूचा हार होता आणि कपाळाच्या हाडावर कुंकू. खंडेनवमीला पूजा केली होती म्हणे. आम्ही गेलो तेव्हा ऑगस्ट होता. म्हणजे गेल्या दसऱ्यापासून त्या सांगाड्याला कुणी हात लावलेला नव्हता. मी विचारलं, "पेशंट?" दाखवणारे गृहस्थ फार नम्र होते. म्हणाले, "येतील." मुलगी परत येताना गाडीत काही बोलली नाही. मी म्हणालो, लिफ्ट चांगली आहे.

लांबच्या कॉलेजात आम्हाला कुणी काही दाखवलं नाही, कारण कुणाला वेळ नव्हता. ओपीडीच्या बाहेर बाकावर जागा नव्हती, आत मलमाचा आणि घामाचा वास. भिंतीला एक चाक बसवलेलं, त्याला धरून एक बाई खांदा फिरवत होत्या. मध्यभागी लाकडी जिना. चार पायऱ्या वर, चार पायऱ्या खाली, दोन्ही बाजूंना कठडे. तो जिना कुठेच जात नाही. एक आजोबा कठडा धरून वर चढत होते, पलीकडे उतरत होते, वळत होते आणि पुन्हा चढत होते. हेही अपडाऊनच, पण निदान पाय सुधारत होता.

बाकाच्या टोकाला धोतर-बंडीतले एक म्हातारे बसले होते, कोपरात आखडलेला हात मांडीवर घेऊन. हाड जुळलं होतं, हात सरळ होईना, वाकेना. तिसऱ्या वर्षाची वाटावी अशी एक मुलगी त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसली. खिशातून तिने प्लास्टिकची दोन पट्ट्यांची एक वस्तू काढली, मध्ये गोल, त्यावर अंशांच्या रेघा. कंपासपेटीतल्या कोनमापकाला हात फुटल्यासारखी. एक पट्टी तिने दंडाला लावली, दुसरी मनगटाच्या रेषेत, आणि म्हणाली, "बाबा, आता वाकवा." म्हाताऱ्यांनी डोळे मिटून हात वाकवला. तिने वाकून आकडा वाचला, वही काढली, तारीख घातली आणि लिहिलं: ९५. वरच्या ओळीत गेल्या खेपेचा होता, ९०. म्हणजे पाच अंश. मी तीस वर्षं लॉगबुकं तपासतोय. ओपनिंग रीडिंग, क्लोजिंग रीडिंग, सही. इतकी स्वच्छ नोंद मी आमच्या एकाही ड्रायव्हरकडून घेऊ शकलेलो नाही.

मी म्हाताऱ्यांना विचारलं, कुठून आलात. त्यांनी गाव सांगितलं. किती लांब? तर म्हणाले, "लांब कशाचं, इथलंच. जवळ हाय." नंतर एसटी स्टँडवर मी पाटी पाहिली. चाळीस किलोमीटर. माणूस पाच अंशांसाठी चाळीस किलोमीटर येतो आणि वर जवळ म्हणतो. या शब्दाविरुद्ध मी कुठे कुठे तक्रार करू?

असो. फॉर्म भरायचा दिवस आला. कागदपत्रं किती लागतात ते सांगून तुमचा चहा कडू करत नाही. डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता, मेडिकल फिटनेस. राज्यात राहतो त्याचा दाखला मिळतो, मागास आहोत त्याचा मिळतो, तब्येत ठणठणीत आहे त्याचा मिळतो. ज्या एका गोष्टीवरून घरात चार महिने बोलाचाली झाली त्या अंतराचा दाखला कुठलाच सेतू देत नाही. पसंतीक्रम भरायला आम्ही नेटकॅफेत बसलो. नेट संथ होतं, खुर्ची एका बाजूला कललेली, माझी कंबर त्याच दिवशी धरली ती अजून सुटलेली नाही. पहिल्या क्रमांकावर काय टाकायचं, असं कॅफेवाल्या पोराने विचारलं. मी तयारीत होतो. सौ. जवळचं म्हणणार, मुलगी गप्प राहणार, मग मी लॉगबुक काढणार आणि सगळे आठपटीवर वाद घालणार. वादात दोन-तीन तास सहज गेले असते. फॉर्मची मुदत तीन दिवसांनी होती, वाद तिथपर्यंतही नेता आला असता.

मुलगी म्हणाली, "पप्पा, तुमचा हिशोब बरोबर आहे. लांबचं पहिलं टाकू."

सौ. म्हणाली, "हो, तुमच्या पप्पांनी एवढा हिशोब केलाय."

आणि टाकलं. अर्ध्या मिनिटात. माझा हिशोब या घरात आजवर कुणी मानला नव्हता. किराणा मालाचा मानला नाही, गॅसचा मानला नाही, वीजबिलाचा तर तोंडावर हाणून पाडला. नेमका हाच एक हिशोब सगळ्यांनी बिनविरोध मंजूर करावा, याच्यामागे काय आहे ते मला आजतागायत कळलेलं नाही. हिशोब मांडला म्हणजे तो लगेच अंमलात आणावा असं थोडंच असतं. जुन्या टेम्पोची भंगारात किंमत किती येईल, तेही मी दरवर्षी काढतो. टेम्पो अजून आहे.

मध्ये सप्टेंबरात आणखी एक प्रकार झाला. ८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन. मुलीने स्टेटस ठेवलं. ९ तारखेला केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने पत्र काढलं की फिजिओथेरपिस्टने नावापुढे डॉक्टर लावू नये. आत्याने ते आम्हाला लगेच पाठवलं, खाली रडका चेहरा. १० तारखेला ते पत्र मागे घेतलं. म्हणजे प्रवेशसुद्धा न झालेली आमची पोरगी तीन दिवसांत डॉक्टर झाली, डॉक्टर राहिली नाही आणि पुन्हा डॉक्टर होण्याच्या मार्गावर आली. तात्या त्या मधल्या दिवशी खांदा दाखवायला आले नाहीत. मी लक्षात ठेवलंय.

यादी लागली. लांबचं मिळालं. 'अच्छा, कुरकुंभ' असं तिला तिथे कुणी म्हणेल का, अशी मला धास्ती होती, कारण फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या एमआयडीसीचं नाव ज्या पांढऱ्या पावडरीमुळे देशभर गाजलं ती टाल्कम नव्हती. पण होस्टेलच्या खिडकीतल्या कारकुनाने गावाचं नाव नुसतं लिहून घेतलं आणि स्थानिक पालकाचा फॉर्म पुढे सरकवला. त्या शहरात कुणीतरी आपलं माणूस हवं, असा नियम. सौ.च्या चुलत मावशीचे जावई तिथे असतात. लांबचे नातेवाईक, पण राहायला त्या गावात. त्यांना आदल्या दिवशीच फोन केला होता. "अहो या ना, होस्टेलपासून आमचं घर जवळच आहे." आम्ही गेलो होतो. दोन बस बदलल्या, वर रिक्षा. येताना मी रिक्षाच्या मीटरवर आणि बसच्या तिकिटांवर लक्ष ठेवून होतो. चौदा किलोमीटर.

फॉर्मवर रकाने होते. नाव. नाते. पत्ता. वसतिगृहापासून अंतर.

कारकून वाट पाहत होता, मागे रांग होती. मुलगी माझ्या शेजारी उभी राहून मी काय लिहितो ते वाचत होती. पाठीवर सॅक, हातात आईने दिलेला डबा, अजून न उघडलेला. मी चौदाचा एक काढला होता. तो खोडला, शेजारी बारीक सही केली, आणि त्याच्यापुढे लिहिलं: जवळ.